गोजरबाईचा गेरू

बिडकीनच्या अलीकडे, पैठण रस्त्यापासून थोडे आत, ज्या गोठ्यावर माझी उमर गेली तिथे आता गाईंच्या गळ्यात पट्टे आले आहेत. गाय माजावर आली की पट्ट्याला कळते आणि घरात मोबाईल वाजतो. मागच्या महिन्यात सहज गेलो होतो. मालकांच्या सुनेने, राजनंदिनीने, मला दाखवले.

"कडुबा मामा, हे बघा. सोळा नंबर कालपासून जास्त चालतेय. म्हणजे आज डॉक्टरांना बोलवायचं."

मी बघितले. सोळा नंबर म्हणजे एक पांढरी गाय, कानाजवळ काळे ठिपके. पट्टा चांगला आहे. तो झोपत नाही, जेवायला जात नाही, त्याला ताप येत नाही. त्याच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही.

पण माझी नजर दाराजवळच्या खांबाकडे गेली. त्या खांबाला पूर्वी गेरूचा डबा टांगलेला असायचा. खिळा अजून आहे. डबा नाही.

राजनंदिनीनेही तिकडे बघितले. "मावशींची आठवण आली ना?"

मी हं म्हणालो. मला तोंडाने जास्त सांगता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

गोजरबाई माझ्या आधीपासून या गोठ्यावर होती. गाव पैठणकडचे. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. कामाला आली ती शेण काढायला, आणि राहिली ती गाई बघायला. गाई बघणे हे काम आहे, हे लोकांना पटत नाही. मलाही पहिली काही वर्षे पटले नव्हते. मी कुट्टी मशीनवर होतो. सकाळपासून मका आणि कडबा कापायचा, पाट्या भरायच्या, गव्हाणीत टाकायच्या. संध्याकाळी अंगरखा पिळला तर पाणी निघायचे. आणि ही बाई गोठ्याच्या दारात उभी राहून गाईंच्या पाठी बघायची. मला वाटायचे, चांगले आहे, उभ्या उभ्या पगार.

पुढे कळले की ती दिवसभर उभीच असायची. मी निदान जेवायला टेकायचो.

गाय दूध कधी देते? व्याल्यावर. व्यायची कधी? गाभण राहिली तर. आणि गाभण राहायची तर माज ओळखावा लागतो. माज येतो, एखादा दिवस राहतो आणि निघून जातो. तो हुकला की पुढचे तीन आठवडे नुसते खायला घालायचे. बऱ्याच गाई हंबरून गोठा डोक्यावर घेतात, दुसरीच्या अंगावर चढतात, मागून काचेसारखा चिकट स्राव, सोट, टाकतात. ते आंधळ्यालाही कळते. पण काही गाई मुक्या असतात. त्यांचा माज येतो आणि जातो, हंबरणे नाही, सोट नाही.

त्यांच्यासाठी गोजरबाईचा गेरू होता. ती तो करडीच्या तेलात मळायची. सकाळच्या धारा झाल्या की ज्या गाई गाभण नाहीत, किंवा नुकत्याच डॉक्टरांनी भरवल्या, म्हणजे कृत्रिम रेतन केले आहे, त्यांच्या शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढा गेरू फासायची. दुपारी गाई मोकळ्या अंगणात सुटायच्या. माजावरच्या गाईवर दुसरी चढते आणि ती गप उभी राहते. चढणारीच्या छातीने गेरू पुसला जातो. संध्याकाळी गाई आत येताना गोजरबाई दारात उभी राहून एकेकीची पाठ तपासायची. गेरू आहे तर काही नाही. गेरू पुसला तर माज.

आमचे मालक राजेंद्रभाऊ. चांगले माणूस, पण घाईचे. ते रोज एवढेच विचारायचे, "गोजरबाई, खूण काय म्हणते?"

ती सांगेल ते होत असे. ती म्हणायची, "माझं डोळं खोटं बोलतीन भाऊ, गेरू नाय बोलायचा."

विणाऱ्या गाईजवळ ती बसायची तर पाठ करून. पोते अंथरायचे, मांडीवर सूप, सुपात तूरडाळ. डाळ निवडत मागे कान द्यायची. मी एकदा विचारले, "बाई, तोंड तिकडं करून बस की. दिसंल तरी."

"तू असा टकमक बघत ऱ्हायला तर कोन्ती बाई बाळंत होईल रे? तिलाबी लाज हाय."

आणि मग मान न वळवता सांगत राहायची. बसली. उठली. रवंथ थांबला. आता कळ आली. मी वळून बघायचो तर तसेच असायचे.

ती पायाळू होती. जन्मताना पाय आधी आलेले. आमच्याकडे मानतात की पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ खावी. त्यामुळे आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक वाकडे होऊन तिच्याकडे यायचे. माझीही पाठ पोत्यांनी धरायची.

"पड पालथा," ती म्हणायची. मी पडायचो. ती टाचेने एक द्यायची. "गेली का?"

"नाय."

"मग घे अजून एक."

उसण जायची की नाही, मला सांगता येणार नाही. दुसरी लाथ नको म्हणून मी उठून कामाला लागायचो.

आता कवडीचे सांगतो. कवडी याच गोठ्यात जन्मली. तिची आई व्याल्यावर आजारी पडून मेली. वासरू उभे राहिले तर दूध पाजायला कोणी नाही. गोजरबाईने बादलीत दूध घेतले, त्यात बोटे बुडवली, आणि वासराला बोटे चोखायला लावून तोंड हळूहळू बादलीत नेले. पहिल्या दिवशी वासराने बादली दोनदा उलटी केली. तिसऱ्यांदा प्यायले. रंग पांढरा, कानाजवळ कवडीसारखे ठिपके, म्हणून कवडी. मोठी झाली तरी ती गोजरबाईच्या मागे चालायची. अंगणात शंभर माणसे असती तरी तिच्याच पदराला तोंड लावले असते.

कवडीची दोन वेते, म्हणजे बाळंतपणे, चांगली गेली. तिसऱ्या खेपेला ती गाभण राहीना. डॉक्टर भरवायचे आणि ती उलटायची, म्हणजे तीन आठवड्यांनी परत माजावर. त्यात तिचा माज मुका. गेरूशिवाय कळायचाच नाही. दूध आटले. ती भाकड झाली. मालकांनी बरीच वाट बघितली, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. शेवटी भाद्रपदात, डॉक्टर कवडीला भरवून हात धूत होते तेव्हा भाऊ म्हणाले,

"गोजरबाई, ही शेवटची खेप. आता उलटली तर सिल्लोडचा बाजार."

"व्हय," गोजरबाई म्हणाली. बस. पण त्या दिवसापासून तिने कवडीला फासायचा गेरू वेगळा मळायला घेतला. बाकीच्यांचा डब्यात, हिचा वाटीत. मी हसलो तर म्हणाली, "हिचा जरा घट लागतो."

तीन आठवडे झाले. संध्याकाळी कवडी दारातून आत आली, पाठीवरचा गेरू जसाच्या तसा. गोजरबाईने मला बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशीही दाखवला. मी म्हणालो, "राहिली म्हण की."

"एक पाळी निघाली. अजून एक निघू दे. मग डॉक्टर हात घालून बघतीन. तवर मी काय बोलत नाय."

ती दुसरी पाळी नेमकी दिवाळीत आली. डॉक्टर आपल्या गावी गेलेले. सणाची गडबड. राजनंदिनी त्या वर्षीच लग्न होऊन आली होती. माहेर शहरात, गारखेड्याला. तिची पहिली दिवाळी, म्हणून वसुबारसेला शहरातून तिच्या मैत्रिणी आल्या, मालकीणबाईंच्या बहिणी आल्या. नव्या साड्या, ताटे, निरांजने. गाय आणि वासरू यांची पूजा करायची.

वासरू असलेली गाय त्या वेळी एकच होती. काळी, थोराड, आणि लाथाळ. तिला बाहेर काढल्याबरोबर तिने एका मावशीच्या हातातले ताट उडवले. एक मैत्रीण म्हणाली, "ही नको गं. आणि काळी आहे, संध्याकाळी फोटोत दिसणार पण नाही."

मग सगळ्यांची नजर कवडीवर गेली. पांढरीशुभ्र, गरीब. गाई तेव्हा अंगणातून आत यायच्याच होत्या. मालकीणबाईंनी मला सांगितले, "कडुबा, हिलाच आण. आणि काळीचं वासरू हिच्याजवळ बांध."

मी म्हणालो, "बाईसाहेब, ही भाकड आहे."

"फोटोत कुठं कळतंय?"

मी आणून बांधले. कवडीने परक्या वासराला हुंगले आणि चाटायला लागली. वासरू तिच्या कासेला ढुशा द्यायला लागले. आत काही नाही. बायका म्हणाल्या, "बघा, किती माया!"

आम्ही बौद्ध. आमच्या घरी बारस नसते. मी कुट्टी मशीनकडे गेलो. गोजरबाई आधीच तिथे होती. "सवाष्णींचं काम हाय," ती म्हणाली. "माझी सावली कशाला त्यात." असे ती दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी पूजेच्या वेळी वैरण सरकवायला यायची. मी मशीन चालू केली. ती मका लावत गेली. मशीनच्या आवाजात पुढे काय चालले आहे ते ऐकू येत नव्हते, आणि कवडी त्या दिवशी गोठ्याच्या दारातून आलीच नाही. अंगणातून थेट पूजेला गेली.

बायका गेल्यावर मी कवडीला तिच्या दाव्याला आणून बांधले. दिवस मावळला होता. गोजरबाईने बाकीच्या पाठी बघितल्या, मग कवडीकडे आली. हात ठेवला. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"कडुबा, इकडं ये. तुला हितं गेरू दिसतो का?"

मी वाकून बघितले; अंगणातून आणताना माझे पाठीकडे लक्ष नव्हते. पुसट तांबूस काहीतरी होते. बाकी पांढरे.

"नाय."

मी आजूबाजूला बघितले. कोणी नव्हते.

"बाई, डबा खिळ्यालाच आहे. लाव बोटभर."

"आन मंग?"

"मग काय. पाळी निघाली म्हणायचं. दिवाळी झाली की डॉक्टर बघतील."

तिने माझ्याकडे बघितले. "तू वैरण बारीक कापतो का जाड?"

"बारीक."

"कुनी बघत नसलं तर?"

"बारीकच."

"मंग मला कामून शिकवतो?"

आणि ती घराकडे गेली. मी मागे गेलो. भाऊ ओट्यावर आकाशकंदिलाची वायर जोडत होते.

"भाऊ, कवडीची खूण पुसली."

भाऊंनी हात थांबवला. "नक्की?"

"पाठीवर गेरू नाय."

भाऊंना आनंद झाला नव्हता, हे मला दिसले. ते वायरीकडे बघत म्हणाले, "परवा बाजार आहे. उद्या दुपारी टेम्पो बोलावतो. काय करायचं, गोजरबाई. मी तरी किती थांबू."

"तुमचं बरोबर हाय," ती म्हणाली.

भाकड गाईला आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, देत नाहीत. त्या संध्याकाळी तिने कवडीला दिले, सरकी पेंड घालून, दुभत्या गाईला देतात तेवढे. पेंडीचा हिशेब माझ्याकडे असायचा. मी दुसरीकडे बघितले.

सकाळी धारा झाल्या. ऊन गोठ्यात आले. कवडी जायची म्हणून गोजरबाई तिला खरारा करत होती. कोणी विकत घेईल त्याला ती घाणेरडी दिसायला नको, असे तिचे म्हणणे. मी पाट्या टाकत होतो. खराऱ्याचा आवाज थांबला.

"कडुबा!"

मी पाटी ठेवून गेलो.

"केस बघ."

शेपटीच्या मुळाशी केस शेपटीकडे सरळ बसलेले होते, एकासारखा एक.

"गाय चढून पुसलं तर केस उलटं फिरत्यात," ती म्हणाली. "शेण लागतं, कुठं कुठं कातडं खरचटतं. हे तर तेल लावून भांग पाडल्यावानी हाय. काल अंधारात मला दिसलं नाय. हे मानसानं पुसलंय."

"कोणी?"

तिने माझ्याकडे बघितले.

"मी नाय," मी म्हणालो.

"तू नाय. तू पुसलं आसतं तर निम्मंच पुसलं आसतं."

हे मला लागले. मी कुठलेही काम निम्मे टाकलेले नाही. पण वेळ भांडायची नव्हती. काल गाईजवळ पूजेच्या बायकाच होत्या; ती घराकडे निघाली होती, खरारा हातातच.

सणाच्या दिवसांत ती घराच्या मागच्या दाराकडे फिरकत नसे. त्या दिवशी सरळ गेली. मोरीजवळ राजनंदिनी बसली होती. समोर साबणाचे पाणी आणि ताटावर झाकायचा विणलेला पांढरा रुमाल. ती तो घासत होती आणि रुमाल गुलाबी होत चालला होता.

"मावशी, बरं झालं आलात. हे कशानं निघतं हो? कुंकू समजून धुतेय तर पसरतच चाललंय. आईंच्या हातचा रुमाल आहे, त्यांनी बघायच्या आत काहीतरी करा."

गोजरबाईने रुमाल घेतला, नाकाला लावला, आणि माझ्या नाकासमोर धरला. साबणाच्या खाली करडीचे तेल होते, आणि त्याच्या खाली गाय.

"कशाचा डाग हा, सूनबाई?"

"काल गाईच्या पाठीवर नाही का, लाल काहीतरी लागलं होतं. फोटोत जखमेसारखं दिसत होतं. माझी मैत्रीण म्हणाली, अगं रक्त आलंय तिला. मग मी पुसून काढलं. आधी हातानं, मग या रुमालानं. किती घासलं, निघतच नव्हतं!"

गोजरबाई मोरीच्या दगडावर बसली. "निघंल कसं, बाई. निघू नाय म्हनूनच तेलात मळते मी."

राजनंदिनीचा चेहरा उतरला. "काही चुकलं का माझं?"

मी चार वाक्यांत सांगितले. गेरू म्हणजे काय, पुसला तर काय, आणि दुपारी टेम्पो येणार आहे. ती ऐकत असतानाच उठली, हात साडीला पुसले, आणि आत पळाली. मला वाटले रडायला गेली. ती मोबाईल घेऊन आली.

भाऊ पुढच्या दारी टेम्पोवाल्याशीच फोनवर बोलत होते.

"भाऊ, टेम्पो थांबवा," गोजरबाई म्हणाली.

भाऊंनी फोनवर हात ठेवला. "अगं, काल तूच सांगितलंस ना? गेरू खोटं बोलत नाही म्हणतेस."

"खोटं नाय बोलला. त्याला बोलूच दिलं नाय."

"गोजरबाई, त्या गाईवर तुझा जीव आहे. मला कळतं. पण असं रात्रीतून..."

"पप्पा, मी पुसलं," राजनंदिनी म्हणाली.

"तू यात कशाला पडतेस?"

"पडतेय कुठं, पडलेलीच आहे. हे बघा."

तिने दोन फोटो दाखवले. पहिल्यात कवडी तिरकी उभी, वासरू तिच्या कासेखाली, मागे मावळतीचे ऊन, आणि शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढा लाल गेरू. कडासुद्धा जागेवर. दुसऱ्यात तीच गाय, तेच ऊन, आणि पाठ पांढरी स्वच्छ.

भाऊंनी पहिला फोटो बोटांनी मोठा केला. बघत राहिले.

"यात दिवस मावळतोय," ते म्हणाले.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "म्हंजी आख्खी दुपार अंगनात काढली तिनं, आन खूण हलली नाय. गाभन हाय आसं मी म्हनत नाय, भाऊ. उलटली नाय, येवढंच म्हनते."

भाऊ अजून फोटोकडेच बघत होते. "आणि हे वासरू कुणाचं?"

मग मी बोललो. "काळीचं. कवडीला उसनं दिलं होतं."

"म्हणजे भाकड गाईला उसनं वासरू लावून बारस केली तुम्ही?"

"आईंनीच सांगितलं," राजनंदिनी म्हणाली.

आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "मी कशाला सांगू? कडुबानं बांधलं."

भाऊ हसायला लागले. राजनंदिनी हसली. मीही हसलो. गोजरबाई हसली नाही. तिचे लक्ष भाऊंच्या फोनवरच्या हाताकडे होते.

"भाऊ. टेम्पो."

भाऊंनी हात काढला आणि टेम्पोवाल्याला सांगितले की आज नको, दिवाळीनंतर बघू.

दिवाळीनंतर डॉक्टर आले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. राजनंदिनी समोर उभी होती, भाऊ उभे होते, मी पाटी घेऊन उभा होतो. गोजरबाई पाठ करून उभी होती, विणाऱ्या गाईजवळ बसायची तशी. डॉक्टरांना वेळ लागला. कवडी शांतपणे चघळत होती. आपल्या मागे काय चालले आहे याची तिला काही पडलेली नव्हती.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "आहे हो."

"व्हय का," गोजरबाई म्हणाली, आणि खराटा घेऊन झाडायला लागली. झाडलेलाच कोपरा ती परत झाडत होती. पुन्हा पुन्हा. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी बोललो असतो. श्रम वाया घालवलेले मला चालत नाहीत. त्या दिवशी बोललो नाही.

कवडी जूनमध्ये व्याली. भर दुपारी, गडी जेवायला गेलेले असताना. गोजरबाईने सकाळीच सांगितले होते, आज. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, सडांवर मेण आले होते. ती पोते अंथरून पाठ करून बसली. सुपात डाळ. मी भाकरी सोडली होती.

"बसली," ती म्हणाली. "उठली. पुन्यांदा बसली." मग, "पाणमोट फुटली."

मग डाळ निवडायची थांबली. मला तिचा हात दिसत होता, सुपात नुसता ठेवलेला. आणि मग ती वळली. इतक्या वर्षांत विणाऱ्या गाईकडे ती अशी वळलेली मी पाहिली नव्हती.

दोन खूर बाहेर आले होते. तळवे वर. म्हणजे मागचे पाय.

"पायाळू," ती म्हणाली. "डॉक्टरला फोन लाव. हात धू. दोरी आन."

डॉक्टर पैठणला होते. निघतो म्हणाले. तोवर थांबता येणार नव्हते. पाय आधी आले की ढुंगण सुटेपर्यंत सावकाश, आणि ते सुटले की अजिबात थांबायचे नाही, नाहीतर वासरू आत गुदमरते. हे तिने मला दोरी बांधताना सांगितले.

"कळ आली की वढ. कळ गेली की सोड. गाय करती, आपन निस्तं धरायचं."

मी आयुष्यभर ओझी उचलली. पण ओढ आणि सोड हे उचलण्यापेक्षा अवघड आहे. जोर असून तो धरून ठेवायचा. ती एका हाताने कवडीच्या पाठीवर थापटत होती, नेमकी गेरूच्या जागेवर. "कर माय. कर कवडे."

"आता," ती ओरडली. "आता थांबू नको!"

मी थांबलो नाही. वासरू माझ्या अंगावर आले आणि मी शेणात बसलो. ते हलत नव्हते. गोजरबाईने त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, कडब्याची काडी घेतली आणि नाकपुडीत फिरवली. एकदा. पुन्हा. वासरू शिंकले.

कालवड होती. पांढरी, कानाजवळ ठिपके.

डॉक्टर आले तेव्हा ती उभी राहून पडत होती आणि पडून उभी राहत होती. त्यांनी कवडीला तपासले, सुई दिली, आणि दोरीची गाठ बघून म्हणाले, "चांगली धरली होती." माझी पाठ मात्र धरली होती. मी खांबाला टेकलो. गोजरबाईने वासराचा पाय हातात घेतला.

"कडुबा, पड पालथा. तुला आता दुसरी पायाळू मिळाली."

पुढची वसुबारस आली. संध्याकाळी मी मशीन चालू करणार तोच राजनंदिनी तिथे आली. नवी साडी, हातात ताट.

"मावशी, चला."

"सवाष्णींचं काम हाय, सूनबाई. माझी..."

"पूजेला नाही बोलवत. राखणीला बोलावतेय. कवडीला परत गेरू आहे ना? सगळ्या बायका शेपटीकडून हात लावतात. मला एकटीला आवरणार नाहीत."

गोजरबाईने माझ्याकडे बघितले. काम होते. कामाला नाही म्हणणे तिला कधी जमले नाही. तिने पदर खोचला, खांबावरचा डबा काढला, आणि गेली.

मी मशीन चालू केली नाही. कुडाच्या फटीतून बघत उभा राहिलो. कवडी, तिची स्वतःची कालवड, पुढे बायका, आणि मागे शेपटीजवळ गोजरबाई, डबा छातीशी धरून. "फुडून. नमस्कार फुडून करा. अहो ताई, तिकडं नका जाऊ, हिकडं या." एका मावशीने म्हटले, "अहो, गाईच्या पाठीशी लक्ष्मी असते." गोजरबाई म्हणाली, "व्हय, म्हनूनच हात लावायचा नाय."

राजनंदिनीने गाईला ओवाळले, वासराला ओवाळले, आणि मग ताट घेऊन मागे गेली. गोजरबाई अर्धे पाऊल सरकली. राजनंदिनीने डब्याला हळदीकुंकू लावले.

"आत नगा पाडू," गोजरबाई म्हणाली. "गेरू बिघडंल."

पण डबा तिने पुढे धरला होता.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली, पण मुलीने परत येऊ दिले नाही. आता ती फर्दापूरला मुलीकडे असते. हंगामात सीताफळे विकते. जाताना डबा घेऊन गेली. मीही पुढे काम सोडले.

त्या दिवशी गोठ्यावरून परत आल्यावर मी तिला फोन लावला. सांगितले की सोळा नंबर माजावर आली. सोळा नंबर कोण, तिने विचारले. मी म्हणालो, कवडीच्या पायाळू कालवडीची लेक. मग पट्ट्याचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन बारसेला फोटो काढताना त्यो पट्टा काढून ठेवत्यात का?"

मला माहीत नव्हते.

"इचार," ती म्हणाली. "इचारून सांग मला."

उद्या जाणार आहे.